कडगंचीला जाताना श्रेयांक बरोबर येतील का?

कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात कडगंची हे गाव आहे. महाराष्ट्राची हद्द येथून फार दूर नाही. अक्कलकोट आणि उमरगा हे तालुके आळंदला लागूनच आहेत. २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्यान्वये स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ याच गावच्या परिसरात आहे. गोव्यात केंद्रीय विद्यापीठ नाही. त्यामुळे ‘सीयूईटी’ ही सामाईक प्रवेश परीक्षा देणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्याला केंद्रीय विद्यापीठासाठी परराज्याकडेच पाहावे लागते, आणि त्या यादीत कडगंचीही असते.

बारावीनंतर थेट तेथे जाणाऱ्याची गोष्ट सोपी आहे. अडचण येते ती गोव्यातील महाविद्यालयात एक-दोन वर्षे शिकून झाल्यावर विद्यापीठ बदलू पाहणाऱ्याची. वडिलांची बदली, घरची ओढ, विषयाची आवड, कारण काहीही असो. मिळवलेले श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, नव्या ठिकाणी धरले जाणार की वर्ष वाया जाणार, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

१९८५ पर्यंत गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. म्हापशाहून मुंबईला जाणारा विद्यार्थी त्या काळी महाविद्यालय बदलत असे, विद्यापीठ नव्हे. गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर ही सोय संपली. श्रेयांकांच्या पद्धतीने ती आता देशभरासाठी परत आणल्याचे सांगितले जाते. मात्र ते अर्धेच खरे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली अधिसूचित केली. विद्यार्थ्याचे डिजिलॉकरद्वारे खाते उघडते आणि त्याला बारा अंकी ओळख क्रमांक मिळतो. श्रेयांक खात्यावर जमा करण्याचे काम संस्थेचे आहे. विद्यार्थ्याला स्वतः ते भरता येत नाहीत. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात आणि एकदा एखाद्या पदवीसाठी वापरले की पुन्हा वापरता येत नाहीत. ‘बँक’ हे नाव मात्र थोडे फसवे आहे. बँकेतले शंभर रुपये कोणत्याही दुकानात शंभरच असतात. श्रेयांकांचे तसे नाही. पेढी फक्त नोंद सांभाळते. त्या नोंदीची किंमत स्वीकारणारे विद्यापीठ ठरवते.

ही किंमत कशी ठरते? आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात पंधरा तासांचे वर्गातील अध्यापन किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक. सत्राला साधारण वीस, वर्षाला चाळीस, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. गोव्यातील महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झाला. आकड्यांपुरते पाहिले तर दोन्हीकडचा हिशेब जुळतो. घोटाळा आकड्यांत नसतो, त्यांच्या आतल्या विषयांत असतो.

समजा, फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने इतिहास हा मुख्य विषय घेऊन दोन सत्रे पूर्ण केली आहेत आणि तिच्या खात्यावर चाळीस श्रेयांक आहेत. त्यांतले मुख्य विषयाचे श्रेयांक कडगंचीला चालतील की नाही, हे तिथल्या पहिल्या वर्षाच्या पत्रिकांशी पाठ्यक्रम किती मिळतो यावर ठरेल. तिने गोव्याचा इतिहास शिकलेला असेल आणि तेथे त्या जागी प्राचीन भारताची पत्रिका असेल, तर ते चार श्रेयांक ऐच्छिक म्हणून धरले जाऊ शकतात, पण प्राचीन भारताची पत्रिका तिला तरीही द्यावी लागू शकते. दुय्यम विषयाची अडचण याहून मोठी. तिने कोकणी घेतली असेल आणि नव्या विभागाकडे तो विषयच नसेल, तर साखळी तेथेच तुटते. भाषाविषयक क्षमतावर्धनाच्या पत्रिकेत तिने मराठी घेतली असल्यास तिच्याऐवजी उपलब्ध भाषांपैकी एक नव्याने घेण्याची वेळ येऊ शकते. याउलट पर्यावरण, डिजिटल साक्षरता यांसारख्या मूल्यवर्धित पत्रिका सहसा वादाच्या ठरत नाहीत, कारण त्यांचा आशय सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

म्हणजे चाळीसचे चाळीस श्रेयांक मान्य होऊनही ती दुसऱ्या वर्षाला पात्र ठरेलच असे नाही. श्रेयांक मान्य होणे आणि पुढील वर्षात प्रवेश मिळणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पालकांची फसगत बहुधा इथेच होते. ‘सीयूईटी’ ही पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची परीक्षा आहे. मधल्या वर्षात येणाऱ्यासाठी विद्यापीठाच्या अध्यादेशात तरतूद असावी लागते आणि वर्गात रिक्त जागाही असावी लागते. यांपैकी एकही नसेल तर खात्यावरचे श्रेयांक नुसतेच पडून राहतात.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०२१ च्या नियमावलीनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीचा विचार केला तर बाहेरून जास्तीत जास्त साठ, म्हणजे दीड वर्षाचे श्रेयांक आणता येतात. दुसरे वर्ष पूर्ण करून जाणाऱ्याचे ऐंशीपैकी वीस तेथेच निरुपयोगी ठरतात. त्यामुळे जायचेच असेल तर पहिल्या वर्षानंतरचा मार्ग त्यातल्या त्यात कमी तोट्याचा.

कलबुर्गीच्या बाबतीत एक गुंता अधिक आहे. कर्नाटकाने नवे धोरण २०२१-२२ मध्ये, गोव्याच्या दोन वर्षे आधी स्वीकारले. नंतर राज्यात सत्तांतर झाले आणि मे २०२४ मध्ये राज्य सरकारने २०२४-२५ पासून तीन वर्षांच्या पदवीकडे परतण्याचा आदेश काढला. हा आदेश राज्य विद्यापीठांसाठी आहे. कडगंचीचे विद्यापीठ केंद्राच्या अखत्यारीत येते. म्हणून एकाच जिल्ह्यात गुलबर्गा विद्यापीठाची महाविद्यालये एका रचनेवर, तर केंद्रीय विद्यापीठ दुसऱ्या रचनेवर चालते. ‘कर्नाटकात असे चालते’ हे कोणा नातेवाइकाचे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणते विद्यापीठ, हे आधी विचारावे लागते.

पदवी पूर्ण करून जाणाऱ्याला यातले बहुतेक काही लागू होत नाही. पूर्ण पदवी पूर्ण म्हणूनच धरली जाते, पत्रिकेशी पत्रिका जुळवावी लागत नाही. तेथे फरक पडतो तो वर्षांचा. आयोगाच्या जून २०२४ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतरचे पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर ते एका वर्षात पूर्ण करता येते. अर्थात एक वर्षाचा अभ्यासक्रम त्या विभागाने सुरू केलेला असला तरच. वैद्यकीय, विधी, औषधनिर्माणशास्त्र या शाखांना त्यांच्या परिषदांचे नियम वेगळे आहेत. त्यांत वरचा हिशेब लावू नये.

पोर्तुगालची वाट धरणाऱ्या गोमंतकीयांनाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. युरोपात वर्षाला साठ श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकाला सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस तासांचे काम धरले जाते. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाचे चाळीस श्रेयांक म्हणजे बाराशे तास. तिकडे वर्ष पंधराशे ते अठराशे तासांचे. म्हणून गोव्यातले चाळीस लिस्बनला साठ ठरतील असे गृहीत धरता येत नाही. तेथेही शेवटी पाठ्यक्रमच तपासला जातो.

अर्ज करणाऱ्याने गुणपत्रकाबरोबर प्रत्येक पत्रिकेचा सविस्तर पाठ्यक्रम जोडावा. त्यात घटक, तास, श्रेयांक, संदर्भग्रंथ आणि मूल्यमापनाची पद्धत असावी, आणि त्यावर महाविद्यालयाचा शिक्का असावा. श्रेणीपद्धतीची माहितीही जोडलेली बरी. अर्जापूर्वी पेढीतील खाते उघडून सर्व सत्रांचे श्रेयांक खरोखर जमा झाले आहेत का, ते पाहावे. एखादे सत्र राहिले असल्यास ते भरून घेण्यासाठी आपल्याच संस्थेकडे जावे लागते, कडगंचीहून ते होणार नाही. विभागप्रमुखांनी फोनवर दिलेला होकार उपयोगाचा असतो, परंतु तो निर्णय नव्हे. कोणत्या पत्रिका मान्य, कोणत्या नव्याने द्याव्या लागतील आणि प्रवेश कोणत्या सत्रात, या तिन्हींचे लेखी उत्तर कुलसचिव किंवा प्रवेश विभागाकडून मागावे.

ते उत्तर हाती येईपर्यंत गोव्यातील प्रवेश रद्द करू नये आणि स्थलांतर प्रमाणपत्रही काढू नये. नाव एकदा कमी झाले की परतण्यासाठी पुन्हा प्रवेशाचा अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत जागा भरलेली असू शकते.