तिघांत एक, की तेरांत एक?

मंडळी, तुमसर असो, साकोली असो की लाखांदूर, पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा होताना आपण रोज पाहतो. खाणाऱ्याचे गाल पुढे ताठरतात, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत. हा कर्करोग नव्हे बरं का. ही त्याच्या आधीची अवस्था, सबम्युकस फायब्रोसिस. मग प्रश्न येतो: आता कर्करोग होणारच का?

या प्रश्नाच्या उत्तरालाही इतिहास आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या ५ भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला. १९५६ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. पेमास्टर यांना अशा रुग्णांपैकी तिघांत एकाला कर्करोग दिसला. आकडा धडकी भरवणारा. पण टाटापर्यंत पोचतो कोण? बहुधा ज्याचं दुखणं हाताबाहेर गेलं तोच.

म्हणून संशोधक गावात गेले. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांची १७ वर्षं पुन्हापुन्हा तपासणी झाली. १९८५ मध्ये निष्कर्ष आला: ५ जणांना कर्करोग, म्हणजे तेरांत एक.

अन्ननलिकेच्या बाबतीतही हेच घडलं. जुन्या आम्लपित्ताने तिचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. त्यात वर्षाला २०० जणांत एकाला कर्करोग होतो, असं धरलं जाई. २०११ मध्ये डेन्मार्कने ११,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्रमाण ८०० जणांत एकाच्या आसपास निघालं.

मग निर्धास्त राहायचं का? नाही. एर्नाकुलमचा आकडा आपल्या खर्ऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. आणि ‘तंबाखू सोडला, नुसती सुपारी खातो’ हेही समाधान खोटं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ मध्येच ठरवलं. ताठरलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही, पण सवय सुटली तर पुढची हानी टळू शकते.

या इतिहासातून आम्ही एवढंच घेतो: आकडा खरा कळला तो त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं परत गेल्यामुळे. रुग्णानेही तेच करावं. तीन बोटं मावत नसतील तर खर्रा थांबवून तोंड दाखवावं, आणि गाठ नाही म्हणाले तरी पुढच्या तारखेला परत जावं.