नेमणूक आणि निवारा

शताब्दीच्या मंगल प्रसंगी बडोद्याच्या गौरवशाली इतिहासातील एक उणे पानही आपण वाचले पाहिजे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा हिंदू शिक्षक पुढे येईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये संस्थानच्या सेवेत रुजू झाले.

नेमणूक झाली, पण शहरात बिऱ्हाड मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. सरकारी बंगल्यासाठी केलेला त्यांचा अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत असतानाच, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. एका हिंदू स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे उत्तर मिळाले. अखेर कमाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली आणि मागासवर्गीयांसाठी राखीव जागांची वाट मोकळी केली. तथापि बडोद्याचा धडा त्यापलीकडचा आहे. राजाचा हुकूम खुर्ची देऊ शकतो. शेजार मात्र समाजानेच द्यावा लागतो. महाराजांचे औदार्य त्या दिवशी उणे पडले नाही. उणे पडलो ते आपण नगरवासी. ग्रंथालयाचे दार उघडताना ही आठवण जागी असावी.