हवानाचा कडक सिगार आणि कारखान्यातला वाचक

हवाना सिगारला भरदार कडकपणा येतो तो ‘लिहेरो’ पानांमुळे. रोपाच्या शेंड्याकडची ही पाने भरपूर ऊन खाऊन जाड, तेलकट होतात आणि सावकाश जळतात. म्हणून कारागीर ती मधोमध ठेवतो. जाणकार धूर छातीत ओढत नाही, तोंडात घोळवतो: मिरीचा झणका, कोको, कातडे, ओली माती.

सिगार वळणाऱ्यांचे हात गुंतलेले, कान मात्र मोकळे असत. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात वर्तमानपत्रे व पुस्तके मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक आला. त्याचे वेतन कामगारच देत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने बंदी घातली. निमित्त कामातल्या व्यत्ययाचे. धास्ती अर्थातच विचारांची. वाचन तरीही परतले. १९३५ साली एका सिगारला ड्यूमाच्या कादंबरीवरून ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नाव मिळाले.