विजेच्या शर्यतीतली उष्णता

२९ एप्रिल १८९९. पॅरिसजवळच्या आशेर इथल्या सरळ रस्त्यावर कामिल जेनात्झी या बेल्जियन चालकाने आपली ‘ला जामे काँतांत’ ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. शंभरी ओलांडणारी ही पहिली मोटारगाडी. आणि ती विजेवर चालणारी होती. त्याआधी जानेवारीत त्याचा प्रतिस्पर्धी शासलू-लोबा याने ताशी ७०.३१ किलोमीटर गाठले, पण शेवटच्या टप्प्यात त्याच्या गाडीची विजेची मोटार जळाली. विजेच्या गाड्यांचे उष्णतेशी भांडण इतके जुने आहे.

मोटारीला मिळणारी वीज कमीजास्त करणारा त्या काळचा कंट्रोलर म्हणजे तांब्याच्या पट्ट्या बसवलेला दंडगोल. तो फिरवला की मोटारी किंवा बॅटऱ्यांचे गट एकसर वा समांतर जोडले जात, आणि वेग सांभाळायला लावलेले रोध तापत. मुंबईत १९०७ साली सुरू झालेल्या विजेच्या ट्रामचा चालकही असेच हँडल फिरवी. रोधांना मोकळी हवा मिळाली की काम भागे.

ही सोय अर्धवाहकांनी संपवली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये, आयआयटी मद्रासचे पदवीधर बी. जयंत बालिगा यांनी १९८०च्या सुमारास आयजीबीटी हा स्विच विकसित केला. असे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून बॅटरीच्या एकदिश विजेतून मोटारीला हवी तशी प्रत्यावर्ती वीज घडवतात. प्रत्येक उघडझापीत थोडी वीज वाया जाते, आणि तिची उष्णता नखाएवढ्या चकतीत साठते.

सप्टेंबर २०१४मध्ये बीजिंगला फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची शर्यतमालिका सुरू झाली, तेव्हा गाडीची कमाल शक्ती २०० किलोवॉट होती. एवढ्या शक्तीचा कंट्रोलर ९७ टक्के कार्यक्षम धरला, तरी उरलेले तीन टक्के म्हणजे सहा किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे तीन गिझर एका पेटीत चालू ठेवल्यासारखे!

म्हणून कंट्रोलर कुठे आणि कसा बसवायचा, हे उष्णता ठरवू लागली. स्विचांचा तळ ज्या अॅल्युमिनियमच्या पाटावर दाबून बसवतात, त्याच्या पोटातून पाणी खेळते. मधली उष्णतावाहक पेस्ट पातळच हवी. थर जाड झाला की तोच उष्णतेला अडवतो. पेटी मोटारीजवळ ठेवली तर केबल आखूड होतात, पण तापलेल्या मोटारीचा शेजार पदरी पडतो. वळणावर सांगाडा पिळवटतो, त्याचा ताण पेटीवर येऊ नये म्हणून रबरी बुश घालतात. रेडिएटरमधले थंड पाणी बहुधा आधी कंट्रोलरला आणि मग मोटारीला दिले जाते, कारण आतले कपॅसिटर आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग मोटारीच्या तांब्याइतका ताप सोसत नाहीत.

उष्णता मुळातच कमी करण्याचाही मार्ग आहे. फॉर्म्युला ईच्या २०१७-१८च्या हंगामात व्हेंचुरी संघाने रोम कंपनीचे सिलिकॉन कार्बाइड या अर्धवाहकाचे, कमी वीज वाया घालवणारे स्विच-मॉड्यूल वापरले. दोन हंगामांपूर्वीच्या इन्व्हर्टरपेक्षा, म्हणजे एकदिश विजेची प्रत्यावर्ती करणाऱ्या कंट्रोलरपेक्षा, नवा आकाराने ४३ टक्के लहान आणि सहा किलोने हलका निघाला.

हीच कसरत फॉर्म्युला स्टुडंट या स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत विद्यार्थी करतात. आयआयटी मुंबईचा संघ विजेच्या गाड्या घेऊन या स्पर्धेसाठी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला उतरला आहे. तिथे गाडी थंड ठेवणाऱ्या पाण्यात ग्लायकॉल हे गोठणरोधक मिसळायला बंदी असते. ते सांडले तर ट्रॅक निसरडा होतो, आणि मागून येणाऱ्या गाडीला त्याचा पत्ता नसतो.