सुवर्णदुर्ग

सुवर्णदुर्ग : रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात हर्णै बंदरासमोरील खडकाळ बेटावर वसलेला जलदुर्ग. बेट आणि किनारा यांमधील अरुंद खाडीत पश्चिमेच्या लाटांपासून सुरक्षित असा नांगरवाडा आपोआप लाभला असून त्याच्या रक्षणार्थ समुद्रात सुवर्णदुर्ग आणि काठावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला अशी दुर्गसाखळी उभी राहिली. आदिलशाही अमलातील हे ठाणे शिवछत्रपतींच्या ताब्यात आले आणि त्यांनी त्याची तटबंदी बळकट केली, असे मानतात. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात ते मराठी आरमाराच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक झाले. महाद्वार पूर्वेस, म्हणजे किनाऱ्याकडे, तोंड करून असल्यामुळे भर समुद्रातून येणाऱ्या शत्रूला ते दिसत नाही. त्याच्या उंबरठ्यावर कासव आणि बाजूच्या भिंतीवर मारुती कोरलेला आहे.

तुळाजी आंग्रे यांनी पेशव्यांची सत्ता झुगारून दर्यावर्दी व्यापारास दहशत बसविली, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी संधान बांधले. आपल्याच आरमाराचा कणा परक्याच्या तोफांनी मोडण्याचा हा व्यवहार पुढे मराठी सत्तेस महाग पडला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ या जहाजासह चालून आला आणि रामाजी महादेव यांच्या हाताखालील पेशव्यांची फौज किनाऱ्यावर उतरली. समुद्राकडील पश्चिम तटावर पहिल्या दिवशी केलेल्या भडिमाराचा इष्ट परिणाम न झाल्याने जेम्सने दुसऱ्या दिवशी जहाजे बेट आणि किनारा यांमधील त्याच नांगरवाड्यात आणून पूर्वेकडून मारा आरंभिला. एका गोळ्याने छपरास आग लागून ती दारूकोठारापर्यंत गेली, स्फोट झाला आणि शिबंदीची बहुतेक माणसे बायकामुलांसह होड्यांतून किनाऱ्याकडे पळाली. ज्या पाण्याच्या राखणीसाठी दुर्ग बांधला, त्याच पाण्यातून तो पडला. पुढे करारान्वये तो पेशव्यांकडे गेला.

1802 मध्ये यशवंतराव होळकरांपुढे पळालेला दुसरा बाजीराव काही काळ येथे आश्रयास होता. 1818 च्या सुमारास किल्ला फारशा प्रतिकाराविना इंग्रजांच्या हाती आला. जेम्सच्या विजयाच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने लंडनमधील शूटर्स हिल येथे 1784 मध्ये त्रिकोणी मनोरा उभारला, त्यास ‘सेव्हर्नड्रूग’ हे या दुर्गाचेच अपभ्रष्ट नाव आहे. 2025 मध्ये युनेस्कोने मराठाकालीन बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा म्हणून घोषित केला, त्यात सुवर्णदुर्गाचा समावेश आहे. तट व बुरूज बरेचसे शाबूत असले, तरी आतील वाडे व कोठारे पडून केवळ जोती उरली आहेत. हर्णैच्या मच्छीमार होड्यांतून, पावसाळा सोडून, तेथे जाता येते.