एक देह, दुसरा देव

संगणकावर खेळावयाचे खेळ म्हणजे मुलांनीं वेळ दवडण्याचें साधन, असाच समज सुशिक्षित घरांतून बहुधा आढळतो. परंतु या खेळांभोंवतीं खेळाडूंनीं जे तर्क उभारले आहेत ते पाहिले, म्हणजे इतिहाससंशोधकाच्या कामाशीं त्यांचें निकट साम्य दिसून येतें. त्यांतहि भ्रष्ट झालेले देव आणि परकायाप्रवेश हे दोन विषय वारंवार येतात. आणि मनुष्याच्या इतिहासास ते दोन्ही नवे नाहींत.

जपानांतील फ्रॉम सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘डार्क सोल्स’ हा खेळ २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी हे लहानपणीं आपल्या आवाक्याबाहेरचीं पुस्तकें वाचीत व न कळलेला भाग कल्पनेनें भरून काढीत, असें त्यांनींच सांगितलें आहे. त्यांच्या खेळांतील कथाहि अशीच तुटक असते. एखाद्या अंगठीचें वर्णन, एखादा मोडका पुतळा, कोणाचें अर्धवट बोलणें, यांवरून खेळाडूनें ती जुळवावयाची. या खेळांतील एक अंगठी सांगते कीं, सूर्यराजाचा ज्येष्ठ पुत्र युद्धदेव होता. पण त्याच्या मूर्खपणामुळें त्याचें देवत्व काढून घेण्यांत आलें व आज त्याचें नांवहि कोणास ठाऊक नाहीं. तो कोण, याविषयीं तर्क लढूं लागले. एका सूर्यभक्त योद्ध्याकडे पुष्कळांनीं बोट दाखविलें. २०१६ सालच्या तिसऱ्या भागांत निनांवी राजा पुढें आला, आणि त्यानें देवांचे शत्रू असलेल्या नागांशीं सख्य केल्याचें उघड झालें. बखरकारानें ज्यास मूर्खपणा म्हटलें, तें वस्तुतः पक्षांतर होतें.

देवत्व हिरावून घेण्याची ही रीत केवळ कल्पित नव्हे. प्राचीन इजिप्तमध्यें सेट हा वाळवंटाचा व वादळाचा देव होता. त्यानें आपला भाऊ ओसायरिस यास मारल्याची कथा जुनीच. तरीहि सूर्याच्या नौकेवर उभा राहून अपोफिस या सर्पास हटविणारा वीर म्हणून त्याचा मान होता. इसवी सनापूर्वीं तेराव्या शतकांत सेटी हें त्याचें नांव दोन राजांनीं धारण केलें. पुढें असुरियाच्या व इराणच्या स्वाऱ्यांनीं इजिप्त गांजलें. सेट हा परदेशांचाहि स्वामी मानला जात असल्यानें परक्यांचा द्वेष त्याच्यावर वळला, आणि त्याच्या मूर्ति फोडण्यांत आल्या. कोपनहेगन येथील संग्रहालयांत त्याची एक धातूची मूर्ति आहे. तिचे उंच कान काढून तेथें मेंढ्याचीं शिंगें बसविलीं आहेत. म्हणजे देह सेटचाच ठेवून त्यांत दुसरा देव घातला!

देव या शब्दाचेंहि असेंच झालें. अवेस्तांत तो दैत्यवाचक असून इंद्राची गणना दैत्यांत आहे. उलट ऋग्वेदांत वरुणास गौरवानें लाविलेला असुर शब्द पुढें आपल्याकडे दैत्यांचा झाला.

परकायाप्रवेश म्हटला कीं मराठी वाचकास शंकराचार्य व अमरुक राजा यांची कथा आठवते. तेथें योगी आपल्या इच्छेनें मृत देहांत शिरतो व परत येतो. २०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’ या खेळांतील प्रकार निराळा आहे. मोग नांवाच्या रक्तपिपासू सरदारानें निद्रिस्त मिकेला यास पळवून नेलें, असें तेथें दिसतें. बहुतेकांनीं मोगास अपराधी ठरविलें. कांहींनीं मात्र एका फांदीच्या वर्णनाकडे लक्ष वेधलें. मिकेला कोणासहि आपल्यावर प्रेम करावयास लावूं शकतो, असें त्यावरून दिसत होतें. तर मग भुरळ कोणी कोणास घातली? २०२४ सालच्या पुरवणीनें हा तर्क खरा ठरविला. मोग मंत्रमुग्ध होता; इतकेंच नव्हे, तर मेल्यावर त्याचें शव राडान या वीराच्या आत्म्यासाठीं वापरण्यांत आलें. धन्याच्या देहाची ही विटंबना त्याचा जुना सेवक दुःखानें सांगतो. आणि हें घडविणारा मिकेला देवत्वासाठीं स्वतःचें प्रेमहि टाकून देतो!

येथवर साम्य आहे; पुढें भेद येतो. खेळास कर्ता असतो. दोन वर्षांनीं कां होईना, तर्क खरा कीं खोटा हें तो सांगूं शकतो. सेटच्या बाबतींत तसें सांगावयास कोणी येणार नाहीं. निंदकांचा शब्द अखेरचा ठरला असतां शिंगांखालचा मूळ चेहरा तेवढा साक्षीस उरतो. म्हणून कोणाहि देवास, किंवा मनुष्यास, दुष्ट म्हणण्यापूर्वीं तें कोणीं व केव्हां ठरविलें हें पाहणें अवश्य आहे. घरांतील मुलगा अशा खेळाविषयींचा आपला तर्क सांगूं लागला, तर त्यास गप्प बसविण्यापेक्षां त्याला पुरावा काय, एवढेंच वडिलांनीं विचारावें.