सुशिक्षण आणि आचरण

संत पौलाने तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध, स्त्रिया, तरुण व दास यांना आपापल्या स्थितीत सुशिक्षणास शोभेल असे आचरण शिकविले आहे. हीच शिकवण भाविकांना स्वभाषेत उमजावी म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली गोव्यात छापले गेले.

१९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेचा अर्थ व्यापक आहे. परिच्छेद २४०९ नुसार व्यापारातील लबाडी, निकृष्ट काम व अन्याय्य वेतन हीही चोरीच होय.

वारणानगर ऊस, दूध व सहकार यांवर वाढले. तेथे ही आज्ञा शिकविताना शुद्ध दूध, उसाचे चोख वजन व तोडणी मजुराची वेळेवर मजुरी हीच उदाहरणे द्यावीत. वर्गात पाठ झालेली आज्ञा काट्यावर पाळली गेली, तरच ती शिकली असे म्हणता येईल.